सतरा नंबरचा कोट

साकीनाक्याला, पुठ्ठ्याच्या गोदामावरच्या गाळ्यात
माझं टेबल खिडकीपाशी.
ट्यूबलाइटखाली लाल रंग खोटं बोलतो
म्हणून शेठनी ही जागा दिली,
माझ्या मायेनं नव्हे.

ऑर्डर बँडवाल्यांची. बेचाळीस कोट, सोनेरी झालर.
भिवाजी जगताप स्वतः आले कापड निवडायला
आणि एकेका ठाणावर हात फिरवत
एकच विचारत राहिले, "घामाला कसंय?"

पहिला नमुना मांजरपाटाचा.
शमशुद्दीन मास्तरांनी त्यावर खडूनं इतकं लिहिलं
की तो कोट कमी, वाण्याची वही जास्त.
दुसरा खऱ्या कापडात.
जगतापांनी घातला, आरशात पाहिलं, खूश.
मास्तर म्हणाले, "आता वाजवा."
"काय?"
"समजा हातात ट्रम्पेट आहे. वाजवा."
जगतापांनी हात उचलले
आणि अख्खा कोट निघाला हातांबरोबर वर,
खालून बनियन, बनियनखालून पोट,
काजवाली पोरगी फिस्सकन हसली,
तेही हसले, नसलेलं ट्रम्पेट खाली न ठेवता.

त्या रात्री मुंढा वर घेतला. पाऊण इंच.
मुंढा चढला की हात सुटतो.
बावीस वर्षं कपडे तपासतेय, हे मला ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, मोकळं म्हणजे ढगळ.

अस्तर रात्रभर बादलीत:
आटायचं ते इथंच आटू दे.
थरावर थर रचून कापायची सोय नाही,
बेचाळीस माणसं, बेचाळीस कागद, बेचाळीस गठ्ठे
सुतळीत बांधलेले.
मंगळवारी रामसजीवनच्या मशीनवर सुई तुटली.
अर्धी दांडीला, टोक गायब.
टोक मिळून वहीत चिकटवल्याशिवाय
पुढचा टाका घालायचा नाही, असा नियम.
लोहचुंबक फिरवला फरशीवर, पायदानावर,
रामसजीवनच्या केसांतसुद्धा.
सव्वा तासानं सापडलं, खांद्याच्या पॅडात.
कुणाच्या तरी मानेपासून दोन बोटांवर.

मग माल माझ्याकडे.
टेप, कात्री, लाल बाणांची पट्टी.
सुटलेला टाका, बाण. तेलाचा डाग, बाण.
झालर दोन सूत वाकडी, बाण.
सतरा नंबरला टेप लावली:
उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, चांगला पाऊण इंच.
पुन्हा मोजलं. कॉलर धरून झटकलं, पुन्हा मोजलं.
मोठा बाण लावला आणि मास्तरांच्या अंगावर टाकला,
"झोपेत कापलात काय?"

ते काही बोलले नाहीत.
सुतळी सोडून कागद काढला.
सतरा. दौलत आवळे. मोठा ढोल.
छाती, कंबर, बाही,
आणि खाली त्यांच्या वाकड्या अक्षरात:
पट्टा उजव्या खांद्यावर, एकोणीस वर्षं.

बाण निघाला, गोंद राहिला.
कापसाला जरासं पेट्रोल लावून पुसत बसले.
माझ्या तक्त्यात रकाने आहेत, माप, शिलाई, डाग, बटण.
याला रकाना नाही.
मापाखाली बरोबरची खूण केली,
जरा जोरात. कागद फाटला.

शनिवारी माणसं आली कोट घालून बघायला.
जिना बारीक, एकेक करत.
आवळे काळे, उंच, फारसं न बोलणारे.
कोट चढवला, बटणं लावली.
पाठीवर एक चुणी नाही,
दोन्ही खांदे एका ओळीत, पाटीवर आखल्यासारखे.
मी बघत होते. मास्तर इस्त्रीत नसलेलं काही शोधत होते.
"कुठं ओढतंय का?" मी विचारलं.
"नाय."
"खांद्याला?"
त्यांनी खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
पितळी बटण अंगठ्यानं घासत म्हणाले,
"बाई, यातलं एक जास्तीचं मिळेल?
वाजवताना तुटतात."

मी दोन दिली.